वेल्स वेगळा झाला तर हवामान धोरणाचं काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

वेल्सच्या स्वातंत्र्याची मागणी आणि तिथलं हवामान धोरण, या दोन्हींवर वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. बहुतेक पत्रांत शंका एकच आहे: तीसेक लाख वस्तीचा देश वेगळा झाला, तर हवामानाच्या बाबतीत त्याच्या हाती असं काय येणार, जे आज नाही? निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. सगळ्या रकमा पौंडात आहेत.

वेल्सने हवामान आणीबाणी जाहीर केली, स्वतःचे कायदेही केले. मग स्वातंत्र्य कशासाठी? त्यांच्या हातात नाही तरी काय? (एक वाचक, नाशिक)

कायदे करण्यात वेल्स मागे नाही, हे खरं आहे. २०१५ साली तिथे भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा झाला आणि सरकारी संस्था निर्णय घेताना पुढच्या पिढ्यांचा विचार करतात की नाही, हे पाहायला स्वतंत्र आयुक्त नेमला गेला. २०१६ च्या पर्यावरण कायद्याने कार्बनची पंचवार्षिक अंदाजपत्रकं, म्हणजे पाच वर्षांत किती उत्सर्जन चालेल याच्या मर्यादा, आणली. २९ एप्रिल २०१९ रोजी वेल्स सरकारने हवामान आणीबाणी जाहीर केली आणि मार्च २०२१ मध्ये सेनेदने, म्हणजे कार्डिफमधल्या संसदेने, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट कायद्यात घातलं. १९९० च्या तुलनेत २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत सरासरी ३७ टक्के आणि २०२६ ते २०३० मध्ये सरासरी ५८ टक्के घट, असं हे गणित आहे.

पण उद्दिष्ट गाठायला लागणारी हत्यारं दोन ठिकाणी विभागलेली आहेत. शेती, जंगल, घरबांधणीचे नियम, जमीनवापराचं नियोजन, कचरा, बससेवा आणि बहुतेक रस्ते कार्डिफकडे आहेत. वीजबाजार, गॅसचं जाळं, इंधनावरचे कर, ३५० मेगावॉटवरच्या बहुतेक वीजप्रकल्पांची मंजुरी, समुद्रतळ आणि बहुतेक रेल्वेमार्ग लंडनकडे आहेत. पैशाचंही तसंच. २०१६ च्या आर्थिक करारानुसार वेल्स सरकारला भांडवली कामांसाठी वर्षाला १५ कोटी आणि एकूण १०० कोटी पौंडांपर्यंतच कर्ज काढता येईल असं ठरलं. मोठा कारखाना बदलायचा किंवा मोठं बंदर बांधायचं म्हटलं, तर ही रक्कम कुठेच पुरत नाही.

रेल्वेचं उदाहरण घ्या. लंडनहून स्वान्सीला जाणारी गाडी विजेवर धावते ती कार्डिफपर्यंतच. तिथे टपावरचा पँटोग्राफ खाली येतो, डब्यांखालची डिझेल इंजिनं सुरू होतात आणि पुढचे सत्तरेक किलोमीटर गाडी धूर सोडत जाते. स्वान्सीपर्यंत तारा ओढायच्या असं ठरलं होतं, पण जुलै २०१७ मध्ये लंडनच्या वाहतूक खात्याने ते रद्द केलं. त्या धुराची नोंद वेल्सच्या खात्यावर होते. याउलट कार्डिफच्या उत्तरेकडच्या खोऱ्यांतले मार्ग २०२० साली वेल्स सरकारच्या मालकीचे झाले आणि तिथे विद्युतीकरण करून नव्या गाड्या आल्या.

म्हणून वेल्सबद्दल कुठलाही हवामानविषयक दावा कानावर आला, की तीन गोष्टी विचाराव्यात: कायदा कोणाचा, परवाना कोणाचा आणि पैसा कोणाचा. तिन्हींचं उत्तर 'कार्डिफ' असेल, तर त्या कामासाठी स्वातंत्र्याची वाट पाहायची गरज नाही. जून २०१९ मध्ये न्यूपोर्टजवळचा एम-४ महामार्गाचा नवा वळणमार्ग खर्च आणि पर्यावरण या कारणांनी नाकारला गेला, तो असाच निर्णय होता. सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आली, तीही अशीच.

वेल्स सरकार कोळशाच्या विरोधात आहे, तरी २०२२ मध्ये तिथल्या खाणीला वाढीव परवाना कसा मिळाला? (एक वाचक, चंद्रपूर)

तारखेमुळे. नीथ खोऱ्यातल्या अबेरपर्गुम या अँथ्रासाइटच्या खाणीला २०१३ मध्ये ब्रिटनच्या कोळसा प्राधिकरणाने सशर्त परवाना दिला होता. वेल्समधल्या कोळसा परवान्यांना कार्डिफच्या मंत्र्यांची संमती हवी, हा नियम आला तो २०१७ च्या वेल्स कायद्याने. जानेवारी २०२२ मध्ये प्राधिकरणाने जुन्या परवान्यावरच्या अटी उठवल्या. तेव्हा 'परवाना २०१३ चा आहे, त्याला हा नियम लागू नाही' अशी कायदेशीर भूमिका पुढे आली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये पर्यावरणवाद्यांची याचिका फेटाळली गेली.

मात्र सगळा दोष लंडनच्या माथी मारून चालणार नाही. मर्थर टिडफिलच्या फोस-अ-व्रान या उघड्या खाणीची नियोजन परवानगी सप्टेंबर २०२२ मध्ये संपली, तरी उत्खनन नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीपर्यंत चालूच राहिलं. तिथे अंमलबजावणीचा अधिकार वेल्समध्येच होता. खड्डा बुजवण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम दीड कोटीच्या आसपास होती, आणि खरा खर्च त्याच्या कित्येक पट आहे. अधिकार असणं वेगळं आणि तो वेळेवर वापरणं वेगळं. हा फरक स्वातंत्र्यानंतरही राहणारच.

समुद्रातल्या पवनचक्क्यांचा पैसा कोणाकडे जातो? आम्हा कोकणातल्या लोकांना या प्रश्नात रस आहे. (एक वाचिका, रत्नागिरी)

वेल्सच्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ 'क्राउन इस्टेट' या संस्थेच्या ताब्यात आहे. त्यापलीकडे पवनऊर्जेचे भाडेपट्टे देण्याचा हक्कही तिचाच. नावात राजमुकुट असला तरी ही राजाची खाजगी मिळकत नाही. तिचा नफा लंडनच्या तिजोरीत जमा होतो आणि राजघराण्याचं अनुदान त्या नफ्याच्या प्रमाणात ठरतं.

स्कॉटलंडमध्ये हाच कारभार २०१७ मध्ये स्कॉटिश सरकारकडे गेला. परिणाम पाच वर्षांत दिसला. जानेवारी २०२२ मध्ये 'स्कॉटविंड' नावाच्या एकाच लिलावातून सुमारे ७० कोटी पौंड एडिनबराच्या तिजोरीत आले. वेल्सला तो हक्क मिळालेला नाही. केल्टिक समुद्रात तरंगत्या पवनचक्क्यांसाठी मिळून साडेचार गिगावॉटच्या तीन जागा काढल्या गेल्या, त्यांतल्या दोन जून २०२५ मध्ये दिल्या गेल्या. एक नॉर्वेच्या इक्विनॉरला, दुसरी फ्रान्स आणि आयर्लंडच्या सरकारी वीज कंपन्यांच्या भागीदारीला. म्हणजे भाडं लंडनला जाणार आणि नफ्यातला मोठा वाटा दुसऱ्या देशांच्या तिजोऱ्यांना. वेल्सच्या बावीसही स्थानिक परिषदांनी हा कारभार कार्डिफकडे द्यावा असे ठराव केले आहेत. स्वातंत्र्याला विरोध असलेले अनेक जणही या मागणीच्या बाजूने आहेत. आमच्या मते ही मागणी रास्त आहे आणि तिच्यासाठी देश वेगळा करावा लागत नाही. स्कॉटलंडला जे दिलं तेच द्यायचं, एवढीच गोष्ट आहे.

जमिनीवरही मालकीचा प्रश्न आहेच. रोंदा आणि नीथ खोऱ्यांमधल्या उंचवट्यावर पेन-अ-कमॉइद हा ७६ पवनचक्क्यांचा, २२८ मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. त्याची मालक वाटेनफाल ही स्वीडिश सरकारची कंपनी आहे. गावांना दर वर्षी निधी मिळतो, पण मालकी नाही. यावर उपाय म्हणून वेल्सने २०२४ मध्ये 'त्रिदान ग्विर्द कम्री' ही स्वतःची सरकारी कंपनी काढली. २०४० पर्यंत १ गिगावॉट नवी क्षमता उभारण्याचं तिचं लक्ष्य आहे. जमीन सरकारी वनखात्याची, कंपनी सरकारी, म्हणून नफाही वेल्समध्येच राहील, असा हिशेब आहे.

आता याची दुसरी बाजू. तरंगत्या पवनचक्क्यांची वीज महाग असते. २०२४ च्या लिलावात तिचा हमीभाव मेगावॉट-तासाला सुमारे १४० पौंड निघाला, तर तळाला खांब रोवलेल्या समुद्री पवनचक्क्यांचा ५९ पौंडांच्या आसपास (दोन्ही २०१२ च्या किमतींनुसार). बाजारभाव कमी असेल तेव्हा वरचा फरक ग्रेट ब्रिटनमधल्या सगळ्या वीजग्राहकांच्या बिलांत विभागला जातो. उद्या वेल्स वेगळा झाला आणि तो फरक फक्त तिथल्या चौदाएक लाख घरांवर पडला, तर लोकांना तो पेलवणार नाही. म्हणून स्वातंत्र्याच्या वाटाघाटीत समुद्रतळाइतकंच महत्त्व इंग्लंडशी होणाऱ्या दीर्घ मुदतीच्या वीजखरेदी कराराला राहील. या कराराबद्दल प्रचारात फारसं कोणी बोलत नाही, आणि ते खटकतं.

पोर्ट टालबटच्या भट्ट्या टाटांनी बंद केल्या. वेल्स स्वतंत्र असता तर हे टळलं असतं का? (एक निवृत्त पोलाद कर्मचारी, जमशेदपूर)

या प्रश्नात आपला थेट संबंध येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काय झालं ते पाहू. दक्षिण वेल्समधल्या पोर्ट टालबटच्या पोलाद कारखान्याची पाच नंबरची झोतभट्टी जुलै २०२४ मध्ये आणि चार नंबरची ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली. सुमारे २,८०० नोकऱ्या जातील असं जानेवारीतच जाहीर झालं होतं. त्यांच्या जागी वर्षाला ३० लाख टन क्षमतेची विद्युत भट्टी येत आहे. खर्च १२५ कोटी पौंड, त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकारचे. बांधकाम जुलै २०२५ मध्ये सुरू झालं. दोन भट्ट्यांच्या मध्ये हा जो तीनेक वर्षांचा खंड पडला, तो कामगारांना सगळ्यात जास्त लागला. एक भट्टी चालू ठेवून टप्प्याटप्प्याने बदल करा, असा संघटनांचा प्रस्ताव होता. रोज दहा लाख पौंडांच्या वर तोटा होतोय, असं सांगून कंपनीने तो नाकारला.

हवामानाच्या दृष्टीने बदल का हवा होता, ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी थोडक्यात. झोतभट्टीत कोकमधला कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, त्यामुळे एक टन पोलादामागे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. विद्युत भट्टीत खनिज नसतंच. ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडमधून निघालेल्या विजेच्या ज्योतीने भंगार सोळाशे अंशांच्या आसपास वितळवतात. टनाला ४०० ते ५०० युनिट वीज लागते.

अडचण भंगारात असते. मोडीत काढलेल्या गाड्यांतल्या मोटारी आणि वायरिंगचं तांबं लोखंडाबरोबर वितळतं. ऑक्सिजन फुंकून ते काढता येत नाही, कारण तांब्याच्या आधी लोखंडच जळतं. तांबं जास्त राहिलं की पत्रा गरम लाटताना पृष्ठभागावर भेगा पडतात. लानेल्लीजवळच्या ट्रॉस्ट्रे कारखान्यात डब्यांसाठी कागदासारखा पातळ पत्रा बनतो, त्याला असं पोलाद चालत नाही. उपाय दोन: भंगार काटेकोर निवडायचं, किंवा त्यात शुद्ध लोखंड मिसळून तांब्याचं प्रमाण खाली आणायचं. शुद्ध लोखंड मात्र कुठेतरी खनिजापासूनच बनवावं लागतं, आणि त्याचा धूर तिथे निघतो.

आता तीन प्रश्न लावून पाहू. कायदा: उत्सर्जन घटवण्याचं उद्दिष्ट वेल्सचं. पैसा: ५० कोटींची मदत लंडनची, म्हणून वाटाघाटीही लंडननेच केल्या. कार्डिफची वर्षाची कर्जमर्यादा १५ कोटी ठरलेली, हे वर सांगितलंच. आणि शेवटचा शब्द मुंबईतल्या बॉम्बे हाउसचा. वेल्सच्या सगळ्यात मोठ्या धुराड्याबद्दलच्या निर्णयात वेल्स सरकार बाजूला बसलं होतं, ही गोष्ट तिथल्या लोकांच्या मनाला लागली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पच्या भट्ट्या वाचवण्यासाठी ब्रिटिश संसदेची शनिवारी खास बैठक बोलावून एका दिवसात कायदा केला गेला. 'हे पोर्ट टालबटसाठी का नाही केलं?' असं वेल्सच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या प्लाइड कम्री पक्षाने विचारलं. त्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

पण स्वतंत्र वेल्सने भट्टी वाचवली असती, असं आम्हाला म्हणवत नाही. तोट्यातली झोतभट्टी चालवायला लहान तिजोरी पुरली नसती, आणि स्वतःचा कार्बन कायदाही आड आला असता. फार तर खंड टाळण्यासाठी घासाघीस करता आली असती, वीजदर आणि प्रशिक्षणाचा पैसा स्वतः ठरवता आला असता.

आणखी एक हिशेब आपण भारतात बसून नीट पाहिला पाहिजे. मधल्या काळात पोर्ट टालबटच्या गिरण्यांना नेदरलँड्स आणि भारतातून पोलादाच्या लाद्या आणि गुंडाळ्या पुरवायचं ठरलं. ओडिशातल्या कलिंगनगरला टाटांची नवी मोठी झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्येच पेटली, म्हणजे पोर्ट टालबटची शेवटची विझली त्याच महिन्यात. वेल्सच्या नोंदवहीत उत्सर्जन घटलेलं दिसेल. वेल्समध्ये वापरलं जाणारं पोलाद मात्र कोकवरच बनत असेल, तर वातावरणाला काही फरक पडत नाही. कुठल्याही देशाची 'घट' वाचताना त्याने काय आयात केलं, हे पाहायलाच हवं.

वेल्सकडे स्वतःची पुरेशी वीज आहे का? वेगळं झाल्यावर दिवे जातील अशी भीती घातली जाते. (एक वाचक, पुणे)

दिवे जाणार नाहीत. वेल्स वापरतो त्यापेक्षा बरीच जास्त वीज तिथे तयार होते, काही वर्षी जवळपास दुप्पट. मात्र त्यात गॅसचा वाटा मोठा आहे. पेम्ब्रोकचं एकच गॅस केंद्र २,२०० मेगावॉटच्या आसपास आहे. ते चालतं सगळ्या ब्रिटनसाठी आणि धूर मांडला जातो वेल्सच्या खात्यात. त्याला परवानगी लंडनची होती.

वेल्सच्या हातातला हुकमी पत्ता म्हणजे दिनोर्विग. एलिदिर वाउर डोंगराच्या पोटात १९८४ पासून चालणारं हे पंप-साठवण केंद्र १,७२८ मेगावॉटचं आहे. रात्री स्वस्त विजेवर पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडायचं. चक्रं आधीच रिकामी फिरत ठेवली असतील तर बाराएक सेकंदांत १,३०० मेगावॉटच्या वर वीज मिळते. एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं तर ब्रिटनचं जाळं सावरणाऱ्यांत दिनोर्विग पुढे असतं. इंग्लंडलाही त्याची गरज आहे, म्हणून जाळं तोडणं कोणालाच परवडणार नाही.

दोन देशांत एक वीजबाजार चालू शकतो, याचं उदाहरण शेजारीच आहे. आयर्लंडचं प्रजासत्ताक आणि ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड २००७ पासून एकाच घाऊक बाजारात आहेत. ब्रेक्झिट झालं तरी तो मोडला नाही.

खरी दुखरी बाजू वेगळीच आहे. वेल्सच्या उत्तर किनाऱ्याने आणि दक्षिण किनाऱ्याने उच्चदाब वाहिन्या इंग्लंडकडे जातात, पण उत्तर आणि दक्षिण वेल्स यांना देशातल्या देशात जोडणारी वाहिनी नाही. मध्य वेल्समध्ये वारा भरपूर आहे, वाहून न्यायला तार नाही. नवे मनोरे उभारायचं म्हटलं की तिवी खोऱ्यात आणि आसपासच्या गावांत विरोध होतो, केबल जमिनीखालून न्या अशी मागणी येते, आणि ती बरीच महाग पडते. हे भांडण राजधानी कुठेही असली तरी होणारच. शिवाय वितरणाच्या दृष्टीने उत्तर वेल्स लिव्हरपूलच्या परिसराशी जोडलेला आहे, आणि त्या विभागाचा बिलातला स्थिर आकार ब्रिटनमधल्या सर्वांत जास्त आकारांपैकी आहे. घराच्या खिडकीतून पवनचक्क्या दिसतात आणि बिल मात्र लंडनकरापेक्षा जास्त येतं. स्वातंत्र्याच्या मागणीला अशा बिलांमधूनही बळ मिळतं.

भिंतीवर लिहिलेलं एक वेल्श वाक्य आणि कोळशाचे ढिगारे, यांचा हवामानाशी संबंध काय? (एक वाचिका, कोल्हापूर)

वाक्य 'कोविउख द्रवेरिन' असं आहे, म्हणजे 'त्रवेरिन विसरू नका'. १९५७ मध्ये ब्रिटिश संसदेने लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी त्रवेरिन खोऱ्यात धरण बांधायला मंजुरी दिली. वेल्सच्या खासदारांचा विरोध बाजूला सारला गेला आणि १९६५ मध्ये कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव पाण्याखाली गेलं. पुढच्याच वर्षी प्लाइड कम्रीचा पहिला खासदार निवडून आला. 'आमचं पाणी, आमचा वारा, निर्णय दुसऱ्याचा' ही भावना तेव्हापासूनची आहे. म्हणून आज पवनचक्क्या आणि मनोऱ्यांच्या सभेत कोणीतरी त्रवेरिनचं नाव घेतंच.

ढिगाऱ्यांचा प्रश्न जास्त तातडीचा आहे. कोळशाच्या खाणींतून निघालेल्या टाकाऊ मालाचे सुमारे अडीच हजार ढिगारे वेल्समध्ये पडून आहेत. साडेतीनशेच्या आसपास जास्त धोक्याच्या वर्गांत आहेत. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी असाच एक ढिगारा अबेरवानच्या शाळेवर कोसळून १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं होती.

ढिगारा घसरतो तो पाण्यामुळे. पाऊस आत मुरतो, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत आणि अख्खा उतार सरकतो. जुन्या चऱ्या गाळाने बुजलेल्या असतील, तर हे लवकर होतं. हवामान बदलामुळे हिवाळ्यातला पाऊस जोरदार होतोय, आणि ढिगारे जुन्या पावसाच्या अंदाजाने रचलेले आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस वादळात टायलर्सटाउनला सुमारे साठ हजार टन माल घसरून नदीपात्रात आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कुमटिलेरीला ढिगारा घरांपर्यंत आला.

१९६९ चा जुना कायदा खाणी चालू आहेत असं धरून केलेला होता. बंद ढिगाऱ्यांसाठी वेल्सने २०२५ मध्ये नवा कायदा केला, स्वतंत्र प्राधिकरण नेमायचं ठरवलं. कायदा झाला, पण पैसा? दहा-पंधरा वर्षांत ५० ते ६० कोटी लागतील असा अंदाज होता. लंडनने २०२४ च्या अर्थसंकल्पात अडीच कोटी आणि २०२५ मध्ये तीन वर्षांसाठी ११ कोटी ८० लाख दिले. ढिगारे साठले तेव्हा वेल्समध्ये स्वतंत्र सरकारच नव्हतं आणि कोळशावर चाललं ते सगळ्या ब्रिटनचं. त्यामुळे हा खर्च ब्रिटनने उचलावा, हे आम्हाला पूर्ण पटतं. स्वातंत्र्याची बोलणी झाली, तर मालमत्ता आणि कर्जाबरोबर हे ढिगारेही वाटणीच्या कागदावर पहिल्या दिवशी असले पाहिजेत. एकदा सह्या झाल्या की मागणी करायला जागा उरणार नाही.

वेल्सच्या शेतकऱ्यांनी हवामान धोरणाविरुद्ध आंदोलन का केलं? (एक शेतकरी, सातारा)

कारण योजना कागदावर बरी होती, पण शेतात बसेना. युरोपीय संघ सोडल्यावर जुनं अनुदान बंद करून 'शाश्वत शेती योजना' आणायचं ठरलं. अट अशी की प्रत्येक शेतावर १० टक्के झाडं हवीत, आणखी १० टक्के जमीन वन्यजीवांसाठी. डोंगरउतारावर मेंढ्या पाळणाऱ्याची कुरणाची जमीन आधीच मोजकी असते. कुळाने शेती करणाऱ्याला मालकाच्या परवानगीशिवाय झाडं लावता येत नाहीत. किनाऱ्यालगत, जिथे खारा वारा अंगावर येतो, तिथे झाडं तगत नाहीत. सरकारच्याच एका अभ्यासात ५,५०० नोकऱ्या जातील असा आकडा निघाला, तेव्हा मार्च २०२४ मध्ये शेतकऱ्यांनी सेनेदच्या पायऱ्यांवर तेवढेच रबरी बुटांचे जोड मांडून ठेवले.

जुलै २०२५ मध्ये सुधारित योजना आली. प्रत्येक शेताला १० टक्क्यांची सक्ती गेली, वृक्षलागवडीचं लक्ष्य सगळ्या योजनेला मिळून ठरवलं गेलं, आणि जानेवारी २०२६ पासून ती लागू झाली. हा विषय पूर्णपणे कार्डिफच्या हातात होता. तिथे लंडनने काही अडवलं नव्हतं, तरी गाडी दीड वर्ष अडली. गुराढोरांचा मिथेन आणि खतांचा नायट्रस ऑक्साइड कमी करणं हे कोळसा बंद करण्यापेक्षा अवघड आहे, कारण इथे धुराडं एक नसतं, शेतं हजारो असतात. स्वातंत्र्य मिळालं की हवामानाचं काम आपोआप सोपं होईल असं सांगणाऱ्यांनी आधी हे बूट आठवावेत.

स्वतंत्र वेल्सला हे सगळं परवडेल का? (एक वाचक, पणजी)

आज वेल्समध्ये जमा होणाऱ्या करांपेक्षा तिथला सरकारी खर्च जास्त आहे. कार्डिफ विद्यापीठाच्या अभ्यासकांनी साथीच्या आधीच्या वर्षांत ही तूट १३ अब्जांच्या वर मांडली होती. डब्लिन सिटी विद्यापीठाचे प्रा. जॉन डॉयल यांनी २०२२ मध्ये, स्वतंत्र वेल्सला प्रत्यक्षात उचलावी लागेल ती तूट २.६ अब्जांच्या आसपास असेल, असं मांडलं. त्यांचा अभ्यास प्लाइड कम्रीने करवून घेतला होता. फरक इतका मोठा, कारण दुसऱ्या हिशेबात ब्रिटनचं जुनं कर्ज, आजच्या निवृत्तिवेतनाची जबाबदारी आणि संरक्षणखर्चाचा वाटा वेगळ्या तऱ्हेने धरला आहे. म्हणजे उत्तर वाटाघाटीवर अवलंबून आहे. वेल्सच्या घटनात्मक भवितव्याचा विचार करणाऱ्या, लॉरा मॅकॅलिस्टर आणि रोवन विल्यम्स यांच्या आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये वाढीव अधिकार, संघराज्य आणि स्वातंत्र्य हे तिन्ही मार्ग शक्य कोटीतले ठरवले, पण स्वातंत्र्यात सुरुवातीच्या वर्षांची आर्थिक ओढाताण मोठी असेल, हेही बजावलं. घरांना इन्सुलेशन, बंदरं, तारा ही हवामानाची कामं आधी पैसा मागतात आणि फायदा उशिरा देतात, म्हणून नेमकी ती वर्षं धोक्याची.

मी कार्डिफला शिकायला आहे, भारतीय पासपोर्ट आहे. मला या विषयावर मत देता येईल का? (एक विद्यार्थिनी)

सेनेदच्या निवडणुकीत देता येईल. भारत राष्ट्रकुलात असल्याने, वैध व्हिसावर वेल्समध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकांना तिथल्या सेनेद, स्थानिक परिषद आणि ब्रिटिश संसद या तिन्ही निवडणुकांत मत आहे. सेनेदसाठी वय १६ पुरतं, ब्रिटिश संसदेसाठी १८ लागतं. नाव ऑनलाइन नोंदवता येतं. पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि असेल तर नॅशनल इन्शुरन्स क्रमांक द्यावा लागतो. क्रमांक नसेल तर तसं लिहायचं, मग ओळखीची दुसरी कागदपत्रं मागतात. शेवटची मुदत मतदानाच्या बारा कामकाजी दिवस आधी संपते. खोली बदलली की पुन्हा नोंदणी करायची. विद्यार्थी इथेच चुकतात: जुन्या वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव राहतं आणि मतदानाची सूचना तिकडे जाते. सेनेदच्या मतदानाला फोटो ओळखपत्र लागत नाही, ब्रिटिश संसदेच्या मतदानाला लागतं.

मे २०२६ च्या निवडणुकीपासून सेनेदचे सदस्य ६० वरून ९६ झाले. सोळा मतदारसंघ, प्रत्येकी सहा जागा. मत पक्षाच्या यादीला द्यायचं आणि जागा मतांच्या प्रमाणात.

स्वातंत्र्यावरच्या सार्वमताचं मात्र वेगळं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने स्कॉटलंडबद्दल निकाल दिला, की लंडनच्या संमतीशिवाय असं सार्वमत घेण्याचा कायदा तिथली संसद करू शकत नाही. वेल्सचे अधिकारही त्याच धाटणीचे आहेत. सार्वमत झालंच, तर त्यात कोण मत देणार हे त्यासाठीचा कायदा करताना ठरेल. २०१४ च्या स्कॉटिश सार्वमतात तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकांना मत होतं. तोवर तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांना विचारण्यासारखे प्रश्न पुष्कळ आहेत: समुद्रतळाचा कारभार, ढिगाऱ्यांचा खर्च, आणि स्वान्सीपर्यंतच्या तारा.